पार्वता खैरनार, खो-खो

देवपूर, धुळे
८ जुलै १९८६

प्रिय रत्ना,

अक्षर ओळखलंस का? चार वर्षं झाली. तुझी आई गेली तेव्हा मी दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, त्यानंतर थेट आज. राग धरू नकोस. आमच्याकडे येणारं पत्र आधी सासरे फोडतात, तोताराम नाना. वाचतात, मोठ्याने सगळ्यांना ऐकवतात, मग माझ्या हातात देतात. माणूस वाईट बोलत नाही, कुणावर हात उगारत नाही. फक्त त्यांची खाट फाटकाशी असते, आणि या घरातून कुठे जायचं तर त्या खाटेसमोरून जावं लागतं. कुठे चाललीस, कशाला, कधी येशील, एवढंच विचारतात. सतरा वर्षं तेवढंच विचारतात.

म्हणून हे पत्र शेजारच्या भिकुबाईकडे तिच्या शिलाई मशीनवर वही ठेवून लिहितेय. ब्लाऊजचं माप द्यायचंय असं सांगून आलेय. "लिखी दे माय, मी टाकी देसू," म्हणाली ती. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव. खाली दिलाय.

आता काम. हसू नकोस. मोरपीस छाप लिमलेटच्या पुडीत खेळाडूंची चित्रं निघायची, आठवतात? आपण सातवीत होतो. चाळीस चित्रं. पहिलवान, हॉकीवाले, क्रिकेटवाले, सगळे पुरुष, आणि एकतीस नंबरला एकच मुलगी. पार्वता खैरनार, खो-खो. आपल्या जळगावची. माझ्याकडे एकोणचाळीस जमली होती, तीच एक नव्हती. अख्ख्या शाळेत ती फक्त झिपरूकडे, आणि तो एक गोळी घेतल्याशिवाय दाखवायचा नाही. दर शनिवारी मी गोळी द्यायचे आणि तू माझ्या खांद्यावरून फुकटात बघायचीस.

माझी चारू आता चौदा वर्षांची आहे, नववीत. खो-खोच्या जिल्हा संघात तिची निवड झालीय. ऑक्टोबरात नाशिकला सामने आहेत. घरात कुणाला पत्ता नाही. शाळेत शिवणाचा जादा तास असतो असं मी सांगून ठेवलंय. परवा तिला म्हटलं, आमच्या लहानपणी खो-खोवाल्या मुलीचं चित्र गोळ्यांच्या पुडीत यायचं. तर म्हणते, "आई, काहीही सांगतेस."

मला तिला ते दाखवायचंय. आणि खरं कारण सांगू? नाशिकचं नानांशी कधीतरी बोलावंच लागेल. तेव्हा हातात काहीतरी हवं. माझ्या शब्दाला इथे वजन नाही, छापलेल्याला असेल. मिळेल का गं कुठे?

तुझी,
कौशी

*

जळगाव
२१ जुलै १९८६

कौशे,

हसले. खूप हसले. मग जेवणाच्या सुट्टीत परत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

मी आहे तिथेच आहे, सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात. आबा माझ्याकडे असतात आणि दिवसभर रेडिओशी भांडतात. परवा त्यांच्या निवृत्तीच्या कागदांसाठी ट्रंक उपसली, तेव्हा आपला शाळेचा फोटो सापडला. त्यात तू बसलेली नाहीसच, फोटोवाल्याने बटण दाबलं तेव्हाही पळत होतीस. नुसता धुरकट फराटा आलाय तुझा.

चित्राचं ऐक. आधी झिपरूला गाठलं. रथ चौकाजवळ त्याची पिठाची गिरणी आहे. भुवयांपर्यंत पांढरा झालेला. ओळखच पटेना. तुझं नाव काढलं तर म्हणाला, "कौशी? अजून गोळी देईल का?" मग त्याने जे सांगितलं ते तुला माहीत नसेल. ते चित्र त्याच्याकडे राहिलंच नाही. चौसष्टच्या दिवाळीआधी एक मिशाळ माणूस शाळांच्या आसपासच्या दुकानांत फिरत होता. एकतीस नंबर आणा, गोळ्यांची अख्खी पुडी न्या. "मी लहान होतो गं," झिपरू म्हणाला. "एकदम वीस गोळ्या! दिलं काढून."

म्हणजे बघ, आपल्याला वाटायचं ते चित्र छापलंच कमी. तसं नव्हतं. कुणीतरी ती गोळा करून नेली. का, ते झिपरूला माहीत नाही. पण गोळ्यांच्या कारखान्यात पुड्या बांधणारे सुपडूमामा अजून आहेत, मेहरूणला राहतात. रजा मिळाली की जाते.

एकोणचाळीस कुठे गेली तुझी?

रत्ना

*

देवपूर, धुळे
१२ ऑगस्ट १९८६

प्रिय रत्ना,

एकोणचाळीस माझ्या लग्नात आईने चुलत भावांना वाटून टाकली. सासरी काय ती नेणार होतीस, म्हणाली.

तुला एक सांगायचंय. गेल्या सोमवारी घरातले सगळे चाळीसगावला साखरपुड्याला गेले. चारूला ताप आहे म्हणून मी मागे राहिले. ताप नव्हता. फाटकाला आतून कडी घातली, नानांची खाट भिंतीला उभी केली, आणि चारू म्हणाली, "आई, चल." अंगणात एकीकडे कपडे वाळवायच्या तारेचा खांब आहे, दुसरीकडे शेवगा. मध्ये उलट्या बादल्या मांडल्या, त्या बसलेल्या मुली. मी पदर खोचला. रत्ना, मी सतरा वर्षांत पळाले नव्हते. पळायचं कारणच आलं नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत छातीत कळ आली, वाटलं आता इथेच पडणार. मग पायांना आठवलं. चारू मागे लागली होती आणि मी डावीकडे हूल देऊन शेवग्याला वळसा घातला, तर ती सरळ भिंतीवर गेली! अशी बघत राहिली माझ्याकडे. "आई, हे कुठे शिकलीस?"

कुठे शिकले ते तुला माहीत आहे. अकरावीत विभागाच्या संघाची निवड होती, आणि त्याच आठवड्यात हे लोक मला बघायला आले. तू दाराशी उभी होतीस, मी पोहे घेऊन गेले होते.

सगळे परत आले तेव्हा अंगण झाडलेलं होतं आणि मी पोळ्या लाटत होते. सासूबाई म्हणाल्या, "एवढी लाल कशानं झालीस?" चुलीनं, म्हटलं.

रात्रंदिवस आता एकच डोक्यात आहे. चित्र जाऊ दे, ती स्वतः कुठे असेल? पार्वता खैरनार. बेचाळीस-त्रेचाळीसची असेल. सुपडूमामांना तेही विचार. अजून खेळांत असेल, मुलींना शिकवत असेल, तर मला फक्त एवढं कळू दे.

तुझी,
कौशी

*

जळगाव
२ सप्टेंबर १९८६

कौशे,

घाईत लिहितेय. वॉर्ड भरलाय, हिवतापाचे दिवस.

सुपडूमामा भेटले. चित्र त्यांच्याकडे नाही म्हणाले, पण शोधतील. पार्वताबद्दल कळलं ते असं, की ती नाशिकला असते आणि मुलींना खो-खो शिकवते. चांगलं चाललंय म्हणे. जास्त काही माहिती नाही.

फार खोलात जाऊ नकोस. चारूला सांग, तिची आई काहीही सांगत नव्हती.

रत्ना

*

देवपूर, धुळे
१४ सप्टेंबर १९८६

रत्ना, रत्ना,

तुझं पत्र वाचून मी भिकुबाईला मिठीच मारली. तिच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या.

नाशिकला! जिथे सामने आहेत तिथेच! चारूला सांगितलं तेव्हा ती अंगणात जाऊन खांबाला धरून उभी राहिली.

आणि मी बोलले गं. नानांशी. जेवणानंतर ते सुपारी कातरत होते, आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. मी उभी राहिले आणि निवडीपासून सगळं सांगितलं. शिवणाच्या तासाचंसुद्धा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नानांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "परक्या गावात पोरीनं उतरायचं कुठं?" तेव्हा मी तुझी पार्वता पुढे केली. म्हटलं, आपल्याच भागातल्या बाई आहेत, राज्यासाठी खेळलेल्या, तिथे मुलींना शिकवतात. चारू त्यांच्याच घरी राहील. नाना ह्यांच्याकडे वळले, "अभिमन, काय म्हणतो?" हे म्हणाले, "नाना म्हणतील तसं." ते नेहमीच असं म्हणतात, पण या खेपेला पेपर खाली ठेवून म्हणाले.

शेवटी नाना म्हणाले, "त्या बाईचं पत्र येऊ दे. मी वाचतो. बरं वाटलं तर पाठवू."

पाठवू म्हणाले! या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता सगळं तुझ्यावर आहे. त्यांचा पत्ता काढ, त्यांच्याकडून चार ओळी लिहून आण. मुलगी माझ्याकडे राहील, काळजी नसावी, एवढंच. पाच ऑक्टोबरच्या आत हवं. संघ सतरा तारखेला निघतो.

तुझी,
कौशी

*

जळगाव
१९ सप्टेंबर १९८६

कौशल्या,

बसून वाच. भिकुबाईला सांग, दार लोटून घे.

पार्वता नाशिकला नाही. मी खोटं लिहिलं.

सुपडूमामांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "बठ्ठा फोटू लई गया तो मानूस. ती पोर आते पाचोराले शे." सगळी चित्रं नेणारा तो मिशाळ माणूस पाचोऱ्याच्या एका धान्यवाल्याचा होता. त्या धान्यवाल्याच्या घरात पार्वता सून म्हणून गेली होती. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी पाचोऱ्याला गेले. दवाखान्यातून आलेय, लसीकरणाची चौकशी आहे, असं सांगितलं तेव्हा आत घेतलं.

पार्वताबाई दिसायला साध्या आहेत. उंच, हाडकुळ्या, मनगटं अजून रुंद. चित्राचं नाव काढलं तर आधी दाराकडे पाहिलं. त्यांची सून आत होती. मग हळू आवाजात बोलल्या. लग्नाला महिना झाला होता. सासऱ्यांच्या कुणा ओळखीच्याने बाजारात म्हटलं, तुमची सून तर गोळ्यांच्या पुडीत निघते हो, चड्डी घालून. सासऱ्यांनी कारखान्यात जाऊन छपाई थांबवली. मग माणूस लावून गावोगावची चित्रं गोळा केली. एक दिवस पिशवी आणून न्हाणीत बंबापाशी ठेवली. "सूनबाई, तुझ्याच हातानं घाल." वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या गड्ड्या होत्या. चारशेच्या वर होती म्हणाल्या. सोडून बघू दिलं नाही. पार्वताबाईंनी एकेक गड्डी बंबात घातली, आणि त्या पाण्याने त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली.

मला विचारलं, "त्यात मी कशी दिसत होते हो? मी पाहिलंच नाही." मला आठवेना, कौशे. गोळी तू द्यायचीस. नीट तूच बघायचीस.

सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. तरी मला सोडायला आल्या त्या उंबऱ्यापर्यंतच. पुढे एक पायरी होती. ती त्या उतरल्या नाहीत.

परतीच्या गाडीत तुझं अंगणातलं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. हे तुला कसं लिहायचं? म्हणून नाशिक लिहिलं. वाटलं, तू खूष होशील आणि विसरशील. तू त्याच्यावर घर बांधशील हे मला कळायला हवं होतं.

पार्वताबाईंकडे पत्र मागू शकत नाही. त्यांच्या घरात कळलं तर काय होईल कोण जाणे. पण तू म्हणशील तर मी लिहिते. नाशिकला आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरची बहीण आहे, तिथून टाकायला लावते. अक्षर बदलून, पार्वताबाई म्हणून. फक्त हो म्हण.

मला माफ करू नकोस, पण उत्तर दे.

रत्ना

*

देवपूर, धुळे
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय रत्ना,

नऊ आठवडे उत्तर दिलं नाही. तुझी तीन कार्डं भिकुबाईने मशीनच्या खणात ठेवली होती. आज एकदम वाचली.

तुझं ते पत्र मी तीनदा वाचलं. हो लिहायला पेनही उचललं. मग वाटलं, नाना पत्र वाचून गप्प बसणारे नाहीत. नाशिकला कुणाला तरी पाठवतील. खोटं पकडलं गेलं तर माझं काही नाही, मी जुनी झाले. चारूला मात्र त्याच दिवशी शाळेतून काढतील. म्हणून नाना जेवत असताना मीच सांगितलं. त्या बाई नाशिकला नाहीत, पाचोऱ्याला आहेत. सगळं सांगितलं, बंबापर्यंत. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे. ऐकून कुणालाही वाईट वाटेल असं वाटलं होतं.

नानांनी एकच विचारलं. "किती चित्रं जाळली?"

"चारशेच्या वर."

"शाना मानूस व्हता," म्हणाले, आणि ताक मागितलं.

चारू भाकरी वाढत होती. तिने टोपली खाली ठेवली आणि आत गेली.

संघ सतराला गेला. आदल्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. नानांनी त्यांना चहा पाजला, त्यांच्या वडिलांची विचारपूस केली आणि फाटकापर्यंत पोचवलं. दुसऱ्या फेरीत धुळे हरलं. चारू अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "आई, तू खोटं का नाही बोललीस?" मी तिला शाळेचं वगैरे समजावलं. ती म्हणाली, "एकदा तरी बोलायचं होतंस." तुझ्याकडे याला उत्तर असेल तर कळव.

दहावीनंतर तिचं बघायचं असं आता जाहीरच झालंय. दिवाळीत दोंडाईच्याचं एक स्थळ बोलून गेलं.

तुझ्यावर राग नाही. तुझ्या त्या खोट्यावर मी दोन-अडीच आठवडे जगले. चांगले गेले ते. पोळ्या लाटताना मी नाशिकमध्ये असायचे.

अजून एक. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी बादल्या काढल्या. अंगणात मांडल्या. सासूबाई म्हणाल्या, "काय गं हे?" मी पदर खोचला आणि चारूला हाक मारली. ती आली नाही. मी एकटीच पळाले, खांबापासून शेवग्यापर्यंत, नानांच्या डोळ्यांसमोर. ते उठून बसले. "सूनबाई!" म्हणाले. मी थांबले नाही. त्यांच्या फाटकाबाहेर तर गेले नव्हते. काय म्हणणार होते? लोक बघतील म्हणाले. बघू देत, म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी चारू आली. आता रोज पाच वाजता आम्ही दोघी पळतो. बाहेर जायचं नाही, फाटक बंद, पण पळतो. ह्यांनी एक बादली फुटली होती ती न सांगता बदलून आणली. नाना ओरडून दमले, मग दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. आता पाच वाजले की खाट फिरवून घेतात, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. आम्ही त्यांच्या पाठीमागे पळतो.

याने काही बदलणार नाही हे मला कळतं. दोंडाईच्याचे लोक माघात येणार आहेत.

चित्र मिळालंच, तर मला पाठवू नकोस. आधी त्यांना दाखव. मी निदान गोळी देऊन तरी पाहिलं होतं.

तुझी,
कौशी

*

जळगाव
२ डिसेंबर १९८६

कौशे,

चारूच्या प्रश्नाचं उत्तर तीनदा लिहिलं आणि फाडलं.

चित्र मिळालं.

सुपडूमामांकडे जुनी लोखंडी पेटी आहे, गोधड्या ठेवायची. तिच्या तळाला कागद अंथरला होता. तो कारखान्यातून आणलेला, न कापलेला तावच निघाला. चाळीसही चित्रं एकावर, मागे छपाई. वरची ओळ उंदरांनी खाल्लेली. एकतीस नंबर खालून दुसऱ्या ओळीत, एका कोपऱ्याला तेलाचा डाग, बाकी जसंच्या तसं. त्यांच्या सुनेने कात्रीने कापून दिलं.

रविवारी पाचोऱ्याला गेले. या खेपेला लसीकरण सांगितलं नाही. पार्वताबाईंना भेटायचंय म्हटलं. त्यांचा मुलगा दुकानात होता, सून चहा ठेवायला गेली. मी चित्र त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा आणला, पुसला, लावला. बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

त्या हसायला लागल्या. "अहो, ही मी नाहीच!"

खरंच नाही, कौशे. गोरी, गोल चेहऱ्याची, दोन लांब वेण्या, कपाळाला टिकली. चित्रकाराने आपल्या मनाने काढलेली. पार्वताबाई काळ्यासावळ्या, आणि त्या वर्षी विषमज्वरातून उठल्या होत्या म्हणून केस मुलासारखे कापलेले. "माझ्याकडे फोटो मागायला कुणी आलंच नव्हतं," म्हणाल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "कुणाच्या पोरीला जाळलं हो आम्ही! चारशे वेळा!" सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासूला असं हसताना तिने कधी पाहिलं नसावं.

मग त्यांनी चित्र उलटं केलं. मागे बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. त्या आपण कधी वाचल्या नव्हत्या, झिपरू मागची बाजू दाखवायचाच नाही. त्यांनी बोट ठेवून वाचल्या. "राज्य अजिंक्यपद, अंतिम सामना. सात मिनिटे, नाबाद."

हसणं थांबलं.

"हे छापलं होतं?"

"प्रत्येकाच्या मागे," मी म्हटलं.

"चारशेंच्या?"

"हो."

त्यांनी परत वाचलं. मग सुनेला जवळ बोलावलं आणि तिला वाचायला लावलं, मोठ्याने. तिने वाचलं. "सात मिनिटं म्हणजे पूर्ण डाव," पार्वताबाई तिला म्हणाल्या. "शिट्टी वाजेपर्यंत कुणाला हात लावू दिला नव्हता मी." सून म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत." त्या म्हणाल्या, "कुणाला सांगायचं होतं?"

चित्र त्यांनी मला परत दिलं नाही. मीही मागितलं नाही. तुझं चाळिसावं राहिलंच.

निघताना त्यांनी, चित्र शोधायला लावणारी कोण, म्हणून तुझ्याबद्दल विचारलं. मी चारूचं सांगितलं, अंगणाचं, बादल्यांचं, नानांनी खाट फिरवल्याचं. मग म्हणाल्या, "ती मुलगी किती मिनिटं टिकते?"

मला माहीत नव्हतं. विचारून कळवते म्हटलं. तेव्हा घड्याळ लावून बघ, आणि लिही. त्या वाट बघताहेत.

रत्ना